पुतळाबाईच्या पोटात राहिलेलं मत

सिल्वासाहून दमणगंगेचा पूल ओलांडला की नरोली. नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला तिथं टेलिफोन होते ते कारखान्यांच्या हापिसात आणि एका डॉक्टरकडे. बाकीच्या गावाचं त्यावाचून काही अडत नव्हतं, कारण गावात पुतळाबाई होती. सकाळी कारखान्याच्या पाळीला निघालेल्या पुतळाबाईच्या कानात एखादी बातमी टाकावी. संध्याकाळपर्यंत ती बातमी गावभर हिंडून, चार घरचा चहा पिऊन, अंगानं भरून आपल्याच दारात परत यायची. जाताना 'उषाच्या नवऱ्याला ताप आलाय' एवढीच असायची. येताना 'उषाचा नवरा गेला हो, माणूस चांगला होता' अशी. त्या बिचाऱ्याला पोचवायला लोक दोनदा आले होते. दुसऱ्या वेळी त्यानंच सगळ्यांना चहा पाजला.

पुतळाबाई मूळची पारोळ्याकडची. नवऱ्याचं नाव कारभारी, तो सुताच्या कारखान्यात यंत्रावर, आणि ती त्याच कारखान्याच्या पॅकिंग खात्यात. यंत्राच्या आवाजानं कारभारीला थोडं कमी ऐकू येई. संसार सुखाचा होण्यामागं हेच कारण, असं चाळीतल्या बायका म्हणत. पुतळाबाईचं काम खोक्यांवर शिक्के मारायचं. खोक्याच्या चिठ्ठीवर रबरी शिक्का मारायचा, शाई वाळेस्तोवर फुंकर घालायची, मग ती चिठ्ठी चेकरसाहेबापुढं धरून विचारायचं, "पास?" साहेब "पास" म्हणाला की ती खोक्यावर चिकटवायची. शिक्का फिसकटला तर "रद्द", मग नवी चिठ्ठी, नवा शिक्का. पुतळाबाईची चिठ्ठी मात्र कधी रद्द झाली नव्हती. तोंड कितीही सैल असलं तरी तिचा हात पक्का होता, आणि त्याचा तिला भारी अभिमान.

तिच्या अभिमानाला धक्का लागला तो एक्याण्णवच्या निवडणुकीत.

नरोलीच्या शाळेत मतदान होतं. केंद्राध्यक्ष म्हणून आले होते सिल्वासाच्या मराठी शाळेतले श्रीकांत बेंडखळे मास्तर. दापोलीकडचा माणूस. नियमाचा इतका भोक्ता की घरी पोळी वाढायला घेतली तरी आधी मोठ्यांच्या ताटात, मग लहानांच्या, आणि मध्ये कुणी हात घातला तर पोळी परत डब्यात. मतपेटीला सील लावायच्या आधी त्यांनी ती उलटी करून सगळ्या उमेदवारांच्या एजंटांना दाखवली, आत हात फिरवून दाखवला, आणि एकानं "दिसली साहेब, रिकामी आहे" म्हटल्यावर "पुन्हा बघा" म्हणून परत दाखवली.

पुतळाबाई आयुष्यात पहिल्यांदाच मत द्यायला आलेली. बोटाला शाई लागली, हातात कागद आला, पुठ्ठ्याच्या आडोशामागं जाऊन तिनं शिक्का मारला. सुरेख उमटला. मग हाताला जी सवय होती तेच हातानं केलं. तिनं कागदावर फुंकर घातली, बाहेर आली आणि कागद सरळ मास्तरांच्या नाकासमोर धरला.

"साहेब, पास?"

मास्तर खुर्चीतून ताडकन उठले. "अहो बाई! घडी घाला! दाखवू नका कुणाला!"

"घडी कशी घालू? शाई ओली हाये ना. पसरली म्हंजे?"

"पसरू दे! मत गुप्त असतं. घडी घाला आणि पेटीत टाका. ही ताकीद समजा."

"ताकीद मंग द्या साहेब, आधी पास तं करा." आणि तिनं कागद रांगेकडं वळवला. "तुमीच सांगा वं, फिसकटला का कुठी?"

रांगेतल्या बायका पुढं झुकल्या. कपबशीच्या चिन्हावरचा ठळक शिक्का सगळ्यांनी पाहिला. कपबशीच्या एजंटानं दाद दिली, छत्रीच्या एजंटानं तोंड फिरवलं. मास्तरांनी कागद काढून घेतला आणि मागं लिहिलं: रद्द, मतदानाच्या पद्धतीचा भंग.

'रद्द' ऐकून पुतळाबाईचा चेहरा उतरला. पण कारखान्याच्या हिशेबानं तिनं लगेच हात पुढं केला. "बरं, मंग दुसरा कागद द्या."

"दुसरा मिळत नाही. तुमचं मत झालं. म्हणजे झालं नाही. पण संपलं."

ही गोष्ट पुतळाबाईनं संध्याकाळी चाळीत सांगितली. मग दुसऱ्या दिवशी कारखान्यात, तिसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत. आणि तिच्या तोंडून गेलेली कुठलीही गोष्ट जाडजूड होऊनच परत यायची, तशी हीही झाली. 'मास्तरनं माझं मत रद्द केलं' याचं झालं 'कपबशीवर शिक्का होता म्हणून रद्द केलं'. त्याचं झालं 'मास्तर प्रत्येक कागद उघडून बघतो, छत्री असली तरच पेटीत जाऊ देतो'. महिन्याभरानं खुद्द पुतळाबाईलाच ही बातमी बाजारात कुणीतरी नवी म्हणून सांगितली, आणि तिनं डोळे मोठे करून विचारलं, "काय सांगता?"

या सगळ्याचा फायदा झाला तो नथूभाईला.

नथूभाई चाळीचा मालक. पांढरा लेंगा, कमरेच्या करगोट्याला किल्ली. किल्ली नळाची. चाळीला नळ एकच, त्यावर लाकडी पेटी, पेटीला कुलूप. पाणी दुपारी यायचं. तेव्हा नथूभाई स्टूल टाकून बसायचा आणि एकेका खोलीचं नाव पुकारायचा. ज्याच्यावर राग असेल त्याचं नाव पुकारायचं विसरायचा. चाळीतल्या मंगलाच्या सासूनं एकदा त्याच्या बकरीला शेळपट म्हटलं होतं, तर मंगलाला आठवडाभर विहिरीवर जावं लागलं.

नथूभाई छत्रीवाल्यांचा माणूस. त्यानं पुतळाबाईची बातमी उचलली आणि तिला वर आपला तडका दिला. "मास्तर ने हूं साथे चाय पीए छीए. कोणी कुठं शिक्का मारला, मला बधी, सगळी खबर असते. मत ज्याला द्यायचं त्याला द्या, माझी ना नाही. फक्त पाणी भरायला कुठं जायचं ते आधी ठरवून ठेवा."

झालं. त्यानंतर निवडणूक पंचायतीची असो नाहीतर आणखी कसली, चाळीतल्या बायका शिक्का छत्रीवर मारायच्या किंवा त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून घरी बसायच्या. उषा तर म्हणायची, "पुठ्ठ्याच्या वरून दिसत असेल गं. नायतर सरकारनं वर छप्पर नसतं का घातलं?"

इकडं मास्तरांच्या कानावर गेलं की ते नथूभाईबरोबर चहा पितात. मास्तर फक्त कोकम सरबत पीत. त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी पुतळाबाईच रिक्षात बसून त्यांच्या दारात हजर. ती भांडायला आली होती, "माझं मत मले वापस द्या" म्हणून. मास्तरांना वाटलं, ही माफी मागायला आलीय. दोघंही अर्धा तास वेगवेगळ्या विषयावर तावातावानं बोलले. शेवटी मास्तरांच्या बायकोनं, प्रमिलाताईंनी, पुतळाबाईला आत नेलं आणि विचारलं, "ते जाऊ दे. नरोलीत डॉक्टरच्या कंपाउंडरचं काय प्रकरण आहे म्हणे?" त्या दिवसापासून दोघींची घट्ट मैत्री जमली. मास्तरांना घरात बसून नरोलीची सगळी खबर कळू लागली. ती कळू नये म्हणून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसत, पण दाराच्या जवळच.

शहाण्णवची निवडणूक आली. यावेळी कायद्याचा दरारा मोठा होता. भिंती रंगवायच्या नाहीत, रात्री कर्णे वाजवायचे नाहीत. मतदानाच्या आधी दारूची दुकानं बंद, त्यामुळं दारूबंदीच्या गुजरातेतून, वापीहून दर रविवारी तहानेनं येणारी मंडळी पुलावरूनच तोंड पाडून परत गेली. आणि फोटोची ओळखपत्रं आली. पुतळाबाईच्या फोटोत तिचं तोंड उघडं होतं. फोटोवाला "गप्प बसा" म्हणत होता त्याच वेळी ती त्याला त्याच्या मेव्हण्याबद्दल काहीतरी सांगत होती.

नरोलीच्या केंद्रावर पुन्हा बेंडखळे मास्तरच येणार, हे कळल्यावर नथूभाईला जोर चढला. मतदानाच्या आदल्या दुपारी स्टुलावर बसून त्यानं जाहीर केलं, "कोणाला खोटं वाटत असेल तर पारखून घ्या. उद्या पुतळाबेन सकाळी पहिली मत देऊन येईल. दुपारी पाणी आल्यावर ती कशावर शिक्का मारून आली ते मी इथं बोलून दाखवतो. बरोबर निघालं तर समजा की तुमचंही मला दिसतं."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. पुतळाबाईच्या पोटात एखादी गोष्ट सकाळपासून दुपारपर्यंत राहील, हे कुणी स्वप्नातही धरलं नसतं. नथूभाईची सगळी भिस्त त्यावरच होती. बायकांनी आपसात ठरवलं की दुपारपर्यंत कुणी शाळेकडं फिरकायचं नाही. नथूभाई खरा ठरला तर छत्री, नाहीतर बघू.

पुतळाबाई तशीच रिक्षात बसली ती मास्तरांच्या घरी उतरली. सगळं सांगितलं. मास्तर गंभीर झाले.

"पुतळाबाई, मी तुम्हाला कायदा सांगतो. मतपत्रिकेच्या स्थळप्रतीवर, म्हणजे फाडून उरलेल्या तुकड्यावर, तुमचा नंबर असतो, पण त्या प्रती वेगळ्या सीलबंद होतात. कोर्टानं सांगितल्याशिवाय कलेक्टरसुद्धा त्या उघडू शकत नाही. मतदान अधिकारी, एजंट, कुणी गुपित फोडलं तर सरळ तुरुंग. सगळ्यांची तोंडं कायद्यानं बांधलेली आहेत. फक्त एक तोंड मोकळं आहे."

"कोनाचं?"

"तुमचं. स्वतःचं मत बोलून दाखवायला मतदाराला बंदी नाही. तिथं मी काही करू शकत नाही."

पुतळाबाई बराच वेळ गप्प बसली. प्रमिलाताई घाबरून पाणी घेऊन आल्या.

"ताई," पुतळाबाई म्हणाली, "मले नही जमनार वं. पोट फुटीन माझं."

"मिसरी लाव," प्रमिलाताई म्हणाल्या. "तोंडात मिसरी असली की तू बोलत नाहीस. निदान रांगेत तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळाबाई तोंडात मिसरीचा भलामोठा बार भरून शाळेत पोचली. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. मतदान अधिकाऱ्यानं ओळखपत्र पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, परत ओळखपत्र पाहिलं. छत्रीचा एजंट उठला.

"आक्षेप! ही पुतळाबाई नाही."

"कशावरून?" मास्तरांनी विचारलं.

"फोटोत तोंड उघडं आहे साहेब. आणि ही बाई आली तेव्हापासून एक अक्षर बोललेली नाही. पुतळाबाई असती तर माझ्या बहिणीचं लग्न का मोडलं ते तिनं आत्तापर्यंत सगळ्यांना सांगितलं असतं."

रांगेत खसखस पिकली. पुतळाबाईचे डोळे चमकले. ते लग्न का मोडलं हे तिला खरोखरच माहीत होतं, आणि ते जिभेच्या टोकावर येऊन मिसरीत रुतून बसलं होतं. ती नुसती हातवारे करू लागली. हातवाऱ्यांत एक गाढव, एक सोन्याची साखळी आणि एक पळून जाणारा माणूस स्पष्ट दिसला.

"बस्स, बस्स!" एजंट लालेलाल होऊन म्हणाला. "तीच आहे. पटली ओळख."

"आक्षेप खोटा ठरला, अनामतीचे दोन रुपये जप्त," मास्तर समाधानानं म्हणाले आणि पावती फाडली.

पुतळाबाई आडोशामागं गेली. शिक्का मारला. आत फुंकर घातल्याचा आवाज आला तसे मास्तर खुर्चीच्या कडेला आले. पण बाई बाहेर आली ती कागदाच्या दोन घड्या घालूनच. कागद पेटीत पडला. तिनं मास्तरांकडं पाहिलं, भुवया उंचावल्या. सगळं केंद्र बघत होतं. मास्तरांनी कुणाला दिसेल न दिसेल अशी मान हलवली. पास.

शाळेच्या भिंतीमागं जाऊन तिनं मिसरी थुंकली आणि खरी परीक्षा सुरू झाली. ऊन चढत होतं आणि पोटात ते एक चित्र नुसतं उड्या मारत होतं. चाळीच्या तोंडाशीच मंगला भेटली.

"मारलास का गं? कशावर?"

पुतळाबाईनं तोंड उघडलं. खरं ते ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात मंगलाच्या खांद्यावरून तिला नळावरची लाकडी पेटी दिसली, कुलपासकट. तोंड उघडलेलंच होतं, ते मिटणं तिच्या हातात नव्हतं. मग त्यातून भलतंच बाहेर पडलं.

"कोनाले सांगू नको. नारळ."

आणि काय आश्चर्य, पोट हलकं झालं! बोलल्याचं सुख पुरेपूर मिळालं आणि खरं जागच्या जागी राहिलं. पुतळाबाईला एवढ्या वर्षांत हा शोध लागला नव्हता. पुढं उषा भेटली, तिला म्हणाली, "तुझी शपथ, कपबशी." घरात कारभारी जेवत होता, त्याच्या कानाशी ओरडून म्हणाली, "शिट्टी! पन मनात ठेव!" ते चार खोल्यांना ऐकू गेलं. दुपारपर्यंत तिनं इतक्या जणांना इतकं काही सांगितलं की खरं कोणतं ते आठवायला तिला स्वतःला थांबावं लागलं.

पाणी यायची वेळ झाली. नथूभाई स्टुलावर बसला. त्याचीही माणसं सकाळभर कानोसा घेत फिरली होती. किल्ली बोटावर फिरवत तो म्हणाला, "चालो. सांगू का? पुतळाबेनचा शिक्का... कपबशी!"

उषानं छातीला हात लावला. पण मंगला पटकन बोलली, "नाही हो भाई. मला तर नारळ म्हणाली."

"हां, नारळ," नथूभाई म्हणाला. "तेच बोलत होतो."

"शिट्टी ना?" कारभारी मागून मोठ्यानं म्हणाला. त्याला वाटलं, त्यालाच विचारतायत.

"मले छत्री म्हणाली," कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं सांगितलं. "म्हणाली, नथूभाऊची आठवण आली म्हणून."

नथूभाईचा चेहरा हळूहळू नळाच्या पेटीसारखा होत गेला. तो पुतळाबाईकडं वळला, आवाज खाली आणला. "पुतळाबेन, साचू बोल, खरं सांग. कशावर मारला?"

पुतळाबाईनं पदर खोचला, हंडा कमरेवर घेतला.

"अहो भाऊ, तुमले तं पेटीतलं सगळं दिसते ना? मंग मले कायले पुसता?"

पहिली हसली ती मंगला. मग उषा, मग म्हातारी, मग सगळ्याच. कारभारीला काय झालं ते कळलं नाही, पण सगळे हसतायत म्हणून तो सगळ्यांत जास्त वेळ हसला. नथूभाई "मस्ती करते, मस्ती करते" म्हणत राहिला. पण ज्याला दिसतं त्यानं विचारलं होतं, आणि ते सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

बायकांनी हंडे तिथंच नळाखाली रांगेनं ठेवले, केस सारखे केले आणि भर उन्हात शाळेकडं निघाल्या. मतदान संपायला अजून पुष्कळ वेळ होता. वाटेत पुतळाबाईनं सगळ्यांना ताकीद दिली, "घडी घाला बरं. शाई पसरली तरी चालते."

दुसऱ्या दिवशी दुपारी नथूभाई किल्ली घेऊन बसला तेव्हा त्याची पंचाईत झाली. कुणाचं नाव विसरायचं? जिचं विसरावं तीच नेमकी छत्रीवाली निघाली तर? त्यानं मंगलाकडं संशयानं पाहिलं, उषाकडं पाहिलं. दोघींनीही अशी गोड मान डोलावली की तो आणखीच गोंधळला. शेवटी त्यानं सगळ्यांची नावं पुकारली. एवढी पुकारताना आवाज बसला, म्हणून तिसऱ्या दिवशी कुलूप उघडून किल्ली तशीच लटकत ठेवली आणि स्टूल घरात नेलं. पाणी सगळ्यांना मिळालं. पुतळाबाईला तर त्यानं एक बादली जास्त दिली, सावधगिरी म्हणून.

त्या रविवारी पुतळाबाई मास्तरांकडं गेली. मास्तरांनी स्वतः उठून तिला कोकम सरबत दिलं. लोकशाही, कायदा, गुप्ततेचं पावित्र्य यावर ते बराच वेळ बोलले. मग त्यांनी ओट्यावरून आत डोकावून पाहिलं. प्रमिलाताई विळीवर नारळ खोवत होत्या. मास्तर पुतळाबाईच्या जवळ सरकले.

"पुतळाबाई, माझं काम संपलंय आता. म्हणजे अधिकारी म्हणून विचारत नाही. आपलं सहज. खरं कशावर होतं हो?"

पुतळाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. मास्तरांच्या कानाशी वाकली आणि एक शब्द पुटपुटली.

"बस! मला वाटलंच होतं," मास्तर म्हणाले. ती गेल्यावर आनंदानं हात चोळत ते आत आले. "प्रमिला, तुला सांगतो, पण कुणाला बोलू नकोस. नारळावर होतं."

प्रमिलाताईंचा हात थांबला. "नारळ? मला तर ती म्हणाली, कपबशी. तेही माझ्या गळ्याला हात लावून."

मास्तर रस्त्यापर्यंत धावत गेले. पण रिक्षा पुलाकडं वळली होती, आणि मागच्या सीटवर पुतळाबाई शेजारच्या अनोळखी बाईला डोळे मिचकावत काहीतरी कानात सांगत होती.